बिर कॅसलची सहा फुटी दुर्बीण: तारे बघायला नको, ओतकाम बघायला जा

दुर्बिणीतून काहीतरी बघायला मिळेल या आशेवर बिरचं तिकीट काढणार असाल तर काढू नका. आवार दिवसा उघडं असतं, दुर्बीण सहसा आडवी निजलेली असते आणि आयर्लंडच्या मध्यावरचं ते आकाश बहुतेक वेळा ढगांनी भरलेलं असतं. पण तीन टन धातूचा, पावणेदोन मीटरहून रुंद आरसा 1840 च्या दशकात एका खेड्यात कसा ओतला, घासला आणि आकाशाकडे वळवला, हे प्रत्यक्ष जागेवर उभं राहून समजून घ्यायचं असेल तर युरोपात याच्या तोडीची जागा मिळणं कठीण आहे.

बिर हे ऑफली काउंटीतलं गाव. तेव्हा त्याला पार्सन्सटाउन म्हणत. इथल्या जमीनदार पार्सन्स घराण्यातले तिसरे अर्ल ऑफ रॉस, विल्यम पार्सन्स (1800–1867), यांनी वाड्यासमोरच्या हिरवळीवर 72 इंची, म्हणजे 1.83 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी केली. 1845 पासून 1917 मध्ये अमेरिकेत माउंट विल्सनवर 100 इंची दुर्बीण येईपर्यंत आरशाच्या व्यासात तिला कुणी मागे टाकलं नाही. लोक तिला लेव्हायथन म्हणू लागले. वाडा म्हणजे घराण्याचं राहतं घर. तो आतून बघण्याची सोय वर्षातल्या ठरावीक काळातच, मार्गदर्शकासोबत असते. रोजच्या तिकिटात बाग, दुर्बीण आणि जुन्या तबेल्यांमधलं विज्ञान केंद्र येतं.

पहिली सूचना क्रमाबद्दल. आत शिरताच सगळे दुर्बिणीकडे धावतात, भिंतींपुढे फोटो काढतात आणि तासाभरात बागेत हरवतात. त्यापेक्षा आधी विज्ञान केंद्र बघा. दुर्बिणीचा महत्त्वाचा भाग नळीच्या बुडाशी बंद पेटीत असतो, बाहेरून दिसत नाही. तो कसा घडवला हे डोक्यात नसेल तर समोर उरतं ते एक अवाढव्य लाकडी पिंप आणि किल्ल्यासारखे कंगोरे काढलेल्या दोन भिंती.

तर आरसा. काचेवर चांदीचा थर चढवण्याची रीत दुर्बिणींच्या कामात आली ती 1850 च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी मोठा आरसा म्हणजे तांबं आणि कथील यांचा घन मिश्रधातू. रॉस यांनी वजनाने 126.4 भाग तांब्याला 58.9 भाग कथील घेतलं, म्हणजे अंदाजे 68 टक्के आणि 32 टक्के. तीन टनांच्या आरशात साधारण दोन टन तांबं आणि एक टन कथील झालं. पाय चोळायला वापरतात ती काशाची वाटी याच कुळातली, फक्त तिच्यात कथील बरंच कमी असतं. कथील बत्तीस टक्क्यांवर नेलं की धातू पांढराशुभ्र होतो आणि उत्तम झिलई घेतो. पण त्याच वेळी तो इतका ठिसूळ होतो की एका बाजूने जरा लवकर थंड झाला तरी तडकतो. तांबं थोडं वाढवलं तर ठिसूळपणा कमी होतो, पण रंग पिवळट होतो आणि पृष्ठभाग लवकर काळवंडतो. आधीच्या अनेक कारागिरांनी ही तडजोड पत्करली होती. रॉस यांनी ती नाकारली आणि सगळी डोकेफोड थंड करण्याच्या पद्धतीवर लावली. बिरच्या कामाचं मर्म इथे आहे.

धातू वितळवायला तीन मुशी होत्या, ओतीव लोखंडाच्या, प्रत्येकी 24 इंच व्यासाच्या. या मुशी ओतताना तोंड वर ठेवूनच ओतायच्या, असा त्यांचा अनुभव होता. उलट्या ओतल्या तर हवेचे बुडबुडे वर चढून बुडात अडकतात, बूड सच्छिद्र होतं आणि वितळलेला मिश्रधातू त्यातून पाझरतो. इंधन म्हणून आसपासच्या दलदलीत खणून वाळवलेलं पीट वापरलं. 13 एप्रिल 1842 च्या रात्री पहिला सहा फुटी आरसा ओतला गेला. यारीने मुशी भट्टीतून उचलल्या, साच्याभोवतीच्या लोखंडी पाळण्यांत बसवल्या आणि तिन्ही एकदम कलत्या केल्या. एकामागून एक ओतल्या असत्या तर थरांमध्ये सांधा राहिला असता.

साच्यातली युक्ती तर आवर्जून समजून घ्यावी अशी. साधा वाळूचा साचा घेतला तर तळाशी वायू अडकतो आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. अखंड लोखंडी तळ घेतला तरी वायूला वाट नाहीच. रॉस यांनी साच्याचा तळ लोखंडी पट्ट्या उभ्या कडेवर घट्ट रचून बनवला आणि हव्या त्या गोलाईत कातून घेतला. पट्ट्यांमधल्या फटींतून वायू निसटतो, पण दाट धातू आत शिरत नाही. शिवाय लोखंड उष्णता भराभर ओढून घेत असल्याने धातू तळाकडून वर असा गोठत जातो. कडेला मात्र वाळू, म्हणजे बाजूने थंडी घुसत नाही. दोष आणि पोकळ्या वर, आरशाच्या पाठीकडे ढकलल्या जातात आणि कामाचा चेहरा खाली स्वच्छ राहतो.

गोठलेला पण अजून लालबुंद असलेला आरसा आधीच तापवून ठेवलेल्या विटांच्या भट्टीत सरकवायचा, तोंड बंद करायचं आणि 16 आठवडे हात लावायचा नाही. एवढं करूनही पाच वेळा ओतकाम करावं लागलं, तेव्हा कामाचे दोन आरसे हाती आले. दोन हवेतच होते. त्याचं कारण पुढे येतं.

ओतकामानंतर घासकाम. खाचा पाडलेलं ओतीव लोखंडी घासयंत्र, पाणी आणि कुरुंदाची भुकटी यांनी आधी गोलाई आणायची. मग त्याच साधनावर डांबरी राळेचा थर देऊन लोहाच्या तांबड्या भुकटीने झिलई करायची. हे सगळं वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने होई. वरचं साधन पुढे-मागे आणि जरासं आडवं सरकत राहायचं, खालचा आरसा सावकाश फिरायचा. आरसा पाण्याच्या हौदात ठेवलेला असे, कारण घर्षणाने तो असमान तापला तर झिलई संपल्यावर थंड होताना आकार बदलतो. आकाराची गरज किती बारीक होती ते आकड्यात सांगायला हवं. सोळा मीटर नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरच्या अंतराच्या) या आरशात साधी गोलाई आणि हवा तो पॅराबोला, म्हणजे ताऱ्याचे किरण एका बिंदूत आणणारा आकार, यांच्यात कडेला फरक पडतो जेमतेम अडीच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा चारशेवा भाग. तो फरक यंत्राच्या फेऱ्यांची लांबी बदलून आणायचा. तपासणीसाठी आरसा यंत्रावरच उताणा ठेवून वर उंचावर टांगलेल्या घड्याळाच्या तबकडीचं प्रतिबिंब बघत. आकडे धारदार दिसले की थांबायचं.

हाताच्या अंदाजावर चालणारी ही कला रॉस यांनी यंत्राच्या हवाली केली आणि रीत छापून सगळ्यांना खुली केली. त्याआधी विल्यम हर्शेल यांच्यासारख्यांनी आपल्या झिलईच्या खुबी फारशा बाहेर जाऊ दिल्या नव्हत्या. एखाद्या तेजोमेघाचा, म्हणजे आकाशातल्या धुरकट ठिपक्याचा, आकार शोधण्याइतकंच हे काम मोठं आहे असं आमचं मत. बिरला गेल्यावर दुर्बिणीपेक्षा भट्टीची जागा कुठे होती हे विचारा, ते म्हणूनच.

आता बाहेर या आणि दुर्बिणीच्या बुडाशी उभे राहा. फोटो चांगला येतो तो बाजूने, पण समजतं ते बुडाशी. इथे ओतीव लोखंडाचा दणकट सांधा आहे, नळी वर-खाली आणि बाजूला हलू देणारा. नळी लाकडी फळ्यांची, वर लोखंडी कड्या, अगदी पिंप बांधतात तशी. लांबी 54 फूट, मधला व्यास आठ फुटांच्या आसपास. जॉर्ज पीकॉक नावाचे इंग्लंडमधले धर्मगुरू आणि गणिती डोक्यावर उघडी छत्री धरून या नळीतून चालत गेले होते. नळी आणि आरशाची पेटी मिळून वजन साधारण 12 टन.

आरशाखालचा आधार डब्लिनचे दुर्बीण बनवणारे थॉमस ग्रब यांच्या पद्धतीचा. तीन टनांचा धातू चार ठिकाणी टेकवला तर तो स्वतःच्या वजनाने वाकतो, आणि मिलिमीटरचा हजारावा भाग वाकला तरी प्रतिमा बिघडते. म्हणून तरफांवर तरफा अशी रचना. मुख्य तीन टेकू, प्रत्येकावर तीन फाटे, त्यांवर पुन्हा तीन, अशा 27 पाट्या. नळी कशीही कलली तरी प्रत्येक पाटीवर भार सारखाच येतो. आजही घरी आरसा घासून दुर्बीण बनवणारे हौशी लोक नऊ किंवा अठरा टेकूंचा जो आधार वापरतात तो याच कल्पनेचा वंशज. ग्रब यांनी तो आधी 1835 मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडच्या आर्मा वेधशाळेच्या 15 इंची दुर्बिणीसाठी केला होता.

भिंतींबद्दल. दोन्ही बरोबर उत्तर-दक्षिण, उंची अंदाजे 12 मीटर, लांबी 21 मीटरच्या वर, मधलं अंतर 7 मीटर. म्हणजे नळीला वर-खाली भरपूर मोकळीक, बाजूला फार थोडी. सात मीटरांतून नळीची जाडी वजा केली तर प्रत्येक बाजूला अडीच मीटरही उरत नाहीत. सोळा मीटर लांबीच्या नळीला ते साधारण आठ-नऊ अंश पडतात. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. त्यामुळे आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दिसायचा तो जेमतेम तासभर. उत्तरेकडच्या गोष्टींना जास्त वेळ मिळे. कारण उघड आहे: बारा टनांची नळी चहूकडे वळवणारी मांडणी त्या काळच्या लोखंडकामात डळमळली असती. रॉस यांनी स्थैर्यासाठी आकाशाचा मोठा भाग सोडून दिला. हा सौदा योग्य होता, पण त्याची किंमतही मोजावी लागली. ढग तासभर सरकले नाहीत की त्या रात्रीची ती वस्तू हातची गेली.

निरीक्षक नळीच्या वरच्या तोंडाशी, बाजूला लावलेल्या नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, बघत असे. म्हणजे नळी उभी होत जाईल तसा तोही वर. त्यासाठी भिंतीतून बाहेर सरकणारे लाकडी सज्जे आहेत. अंधारात, पन्नासहून अधिक फुटांवर, ओल्या लाकडावर उभं राहून पेन्सिलने चित्र काढायचं. खाली रहाटावर माणसं, वरून हाक मारली की नळी थोडी उचलायची, थोडी सरकवायची. ही माणसं बिरचेच मजूर. घडवणारेही तेच. अर्लने लंडनहून कारागीर मागवले नाहीत, गावातल्यांना शिकवून तयार केलं.

या यंत्राने दाखवलं काय? एप्रिल 1845 मध्ये एम 51 या तेजोमेघाची (आज आपण त्याला दीर्घिका म्हणतो) सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारखी वळलेली रचना. तोवर कुठल्याच तेजोमेघात सर्पिल दिसला नव्हता. एम 51 बिरच्या आकाशात जवळजवळ डोक्यावरून जातो, एप्रिलच्या मध्यावर मध्यरात्रीच्या सुमारास. म्हणजे नळी जवळपास उभी आणि निरीक्षक सर्वांत वरच्या सज्जात. जूनमध्ये केंब्रिजच्या सभेत रॉस यांनी चित्र दाखवलं. मग त्याच वर्षी बटाट्यावर करपा पडला, महादुष्काळ सुरू झाला आणि 1848 पर्यंत निरीक्षणं जवळपास बंदच राहिली. जमीनदार म्हणून रॉस त्या कामात अडकले. दुर्बिणीवर सुमारे 12,000 पौंड खर्च झाले होते हा आकडा त्या पार्श्वभूमीवर वाचणाऱ्याला टोचतो, आणि टोचायला हवा.

चुकाही सांगायला हव्यात. रॉस आणि आर्मा वेधशाळेचे थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांना खात्री वाटू लागली होती की पुरेसा मोठा आरसा असेल तर सगळे तेजोमेघ ताऱ्यांत विलग होतील. मृगातला तेजोमेघही ताऱ्यांचाच दिसतो अशी बातमी बिरहून गेली. 1864 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी फक्त आठ इंची भिंगाला वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग वेगळे करणारं साधन) जोडून दाखवलं की काही तेजोमेघ निव्वळ वायूचे आहेत, आणि मृगातलाही त्यांतलाच निघाला. मोठ्या आरशावर माणसाचा डोळा ठेवला की डोळ्याच्या अपेक्षाही त्याबरोबर वर चढतात. त्यात ही दुर्बीण छायाचित्रणाला निरुपयोगी होती. फिरत्या आकाशामागे तिला तासन् तास अचूक सरकवण्याची सोय नव्हती. सगळं चित्रांवर.

आणि आरशाचा काळवंडण्याचा रोग. मिश्रधातूचा ताजा आरसा पडलेल्या प्रकाशाचा साधारण दोन तृतीयांश भाग परत पाठवतो. नळीतल्या छोट्या आडव्या आरशावर तेच पुन्हा घडतं, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचतो चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास. बिरच्या दमट हवेत तोही महिन्या-महिन्याला उतरत जाई. दर सहा महिन्यांनी पुन्हा झिलई करावी लागे, म्हणून दोन आरसे. आणि झिलई म्हणजे नुसती पुसापुशी नव्हे. तोच पृष्ठभाग घासला जातो, त्यामुळे दर वेळी ते अडीच मायक्रोमीटरचं गणित नव्याने जमवायचं. काचेच्या आरशाला ही कटकट नाही: काळी पडलेली चांदी आम्लाने धुवायची, नवी चढवायची, काचेचा आकार जसाच्या तसा. म्हणूनच 1860 नंतर धातूच्या आरशांचे दिवस भरले. ग्रब यांनी मेलबर्नसाठी 1868 मध्ये पूर्ण केलेली 48 इंची दुर्बीण ही धातूच्या आरशाची शेवटची मोठी. तिच्या झिलईला डब्लिनहून हजारो मैलांवर जाणकार मिळेनात.

आज बिरला दिसतं ते किती खरं? भिंती मूळच्या. दुर्बीण 1908 मध्ये अंशतः उतरवली गेली होती, आणि एक मूळ आरसा 1914 पासून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. 1996–97 मध्ये उरलेले भाग, टिपणं आणि जुनी छायाचित्रं यांच्या आधाराने नळी, सज्जे आणि हलवण्याची यंत्रणा पुन्हा उभी केली. मूळ आराखडे हाती नसताना हे काम झालं, हे विसरू नका. 1999 मध्ये नवा आरसा बसला, तो ॲल्युमिनियमचा. व्यास तोच, वजन मात्र कितीतरी कमी, आणि हालचाल आता रहाटावरच्या माणसांऐवजी मोटारींवर. ॲल्युमिनियमची निवड शहाणपणाची आहे: पुन्हा तांबं-कथील घेतलं असतं तर दर सहा महिन्यांचं घासकाम कोण करणार? पण त्यामुळे आज दिसेल ते दृश्य 1845 च्या दृश्यापेक्षा उजळ असणार. ऐतिहासिक अनुभव हवा म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. आणखी एक तांत्रिक बाब: 1.83 मीटरच्या आरशाचा सगळा प्रकाश डोळ्याच्या सात मिलिमीटरच्या बाहुलीत मावायचा तर दुर्बिणीने प्रतिमा किमान 260 पट मोठी करायला हवी. त्याहून कमी मोठी केली तर आरशाची कड फुकट जाते. म्हणजे या दुर्बिणीला नाजूक, थरथरणारी हवा कधीच मानवली नसती, आणि आयर्लंडची हवा थरथरतेच.

विज्ञान केंद्रात तीन गोष्टींवर वेळ घालवा. पहिली, तिसऱ्या अर्लची बायको मेरी रॉस (1813–1885). यॉर्कशायरच्या श्रीमंत घरातून आलेली, लोहारकामात तरबेज बाई. दुर्बिणीच्या खर्चाला तिच्या माहेरच्या पैशाचा मोठा टेकू होता. तिने 1850 च्या दशकात छायाचित्रण हाती घेतलं. वाड्यातली तिची डार्करूम, बाटल्या आणि उपकरणांसकट, पुढे दीड शतकभर जवळपास तशीच राहिली. तिची छायाचित्रं नुसती शोभेची नाहीत. जीर्णोद्धाराच्या वेळी सज्जे आणि साखळ्या कुठे होत्या हे त्यांवरूनच ठरलं.

दुसरी, धाकटा मुलगा चार्ल्स पार्सन्स (1854–1931) याची वाफेची टर्बाइन. हा मुलगा शाळेत गेला नाही, घरच्या कार्यशाळेत आणि शिक्षकांकडे शिकला. रॉबर्ट बॉल हे पुढे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ त्यांतले एक. 1884 च्या त्याच्या टर्बाइनमध्ये वाफेचा दाब एकाच झटक्यात न उतरवता अनेक पात्यांच्या रांगांमधून थोडाथोडा उतरवला, त्यामुळे पात्यांचा वेग लोखंडाला झेपेल इतका राहिला. तरी मिनिटाला 18,000 फेरे होतेच. याच टर्बाइनवर चालणारी त्याची टर्बिनिया ही बोट आधी वेग धरेना, कारण एकच पंखा इतक्या जोरात फिरला की पाण्यात पोकळ्या होऊन तो पाणी ढकलेनासा झाला. मग तीन दांडे, प्रत्येकावर तीन पंखे. 1897 मध्ये स्पिटहेडला राणीच्या नौदल संचलनात ती 34 नॉटच्या वेगाने युद्धनौकांच्या मधून धावली. बोट स्वतः न्यूकॅसलला आहे, इथे नाही. इथे मुळं आहेत.

तिसरी, सहसा दुर्लक्षित राहणारी: थोरला मुलगा लॉरेन्स, चौथा अर्ल, याचं चंद्राची उष्णता मोजण्याचं काम. 1868 पासून त्याने वडिलांच्या जुन्या तीन फुटी दुर्बिणीला तापविद्युत जोड्या (उष्णतेने किंचित वीज निर्माण करणाऱ्या) आणि ती वीज मोजणारा गॅल्व्हॅनोमीटर लावून पौर्णिमेच्या चंद्राकडून येणारी ऊब मोजली. चंद्रग्रहणात ती ऊब किती झपाट्याने घटते हेही पाहिलं. सहा फुटी आरशापुढे हे काम झाकोळतं, पण अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या अदृश्य किरणांच्या, खगोलशास्त्राच्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्याला पान आहे.

गावातली एक जागाही बघून घ्या. मेरी वॉर्ड ही अर्लची नातलग, सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांसाठी नावाजलेली. 31 ऑगस्ट 1869 रोजी पार्सन्स मुलांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीतून जाताना वळणावर ती खाली पडली आणि चाकाखाली आली. यंत्रावर चालणाऱ्या गाडीचा नोंदलेला पहिला बळी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. गाडीचा वेग माणसाच्या झपाझप चालण्याहून फारसा जास्त नव्हता.

आवारात 2017 पासून लोफार या युरोपीय रेडिओ दुर्बीण जाळ्याचं आयरिश केंद्र आहे. 96 खालच्या पट्ट्याचे अँटेना, 96 वरच्या पट्ट्याच्या फरशा, 10 ते 240 मेगाहर्ट्झ. दिसायला काहीच नाही: मैदानात रोवलेले खांब आणि काळी आच्छादनं. पण सहा फुटी दुर्बीण बघून आलेल्याला एक गोष्ट भावेल: इथे काहीच हलत नाही. नळीऐवजी संकेतांमधला वेळेचा फरक जुळवून दिशा ठरते, त्यामुळे भिंतींची अडचणच नाही. ढगांचीही नाही.

बाग मोठी आहे, कॅम्कर नदीवर 1820 च्या सुमाराचा झुलता पूल आहे, आणि दहा मीटरच्या वर गेलेली बॉक्सवुडची कुंपणं प्रसिद्ध आहेत. बागेतलं आमचं ज्ञान बेताचं, म्हणून इतकंच. मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मोकळी जागा भरपूर मिळेल.

जाण्याचं गणित असं. बिरला रेल्वे नाही, 1963 मध्ये बंद झाली. डब्लिनहून गाडीने दोन तास धरा: एकतर टलामोरवरून एन 52 रस्त्याने किंवा रॉस्क्रेवरून एन 62 रस्त्याने. बसने जायचं तर परतीची बस आधी बघा आणि मग सकाळची ठरवा, उलटं नको. आवारात चार तास लागतात. दोन तासांत उरकणारा विज्ञान केंद्र गाळतो आणि मग दुर्बिणीने निराश होतो. पावसाचं जाकीट आणि ओल्या गवतात चालणारे बूट हवेतच, छत्री वाऱ्यात टिकत नाही. जायच्या आधी फोन करून एक प्रश्न विचारा: त्या दिवशी नळी हलवून दाखवणार आहेत का? हलती नळी बघितली तर भिंतींची मर्यादा एका मिनिटात कळते, नाहीतर वरचं सगळं गणित मनातच करावं लागतं.

पुण्याच्या वाचकांसाठी एक धागा आहे. थॉमस ग्रब यांचा मुलगा हॉवर्ड याच्या डब्लिनमधल्या कारखान्याची 20 इंची परावर्तक दुर्बीण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून 1888 मध्ये उभ्या राहिलेल्या वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला तिच्यावर काम करत. 1898 च्या जानेवारीत सोलापूरकडच्या जेऊरला खग्रास सूर्यग्रहणाची मोहीमही त्यांनीच नेली. त्यांच्या निवृत्तीनंतर 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. बिरच्या आरशाचं क्षेत्रफळ पुण्याच्या आरशाच्या तेरापट. पण पुण्याचा चांदी चढवलेल्या काचेचा, त्यामुळे प्रत्यक्ष डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला फरक सातपटींच्या आसपासच उरतो. ग्रबचा धंदा 1925 मध्ये विकत घेतला तो चार्ल्स पार्सन्सने. ग्रब पार्सन्स या नावाने तो 1985 पर्यंत मोठ्या दुर्बिणी बनवत राहिला.

बिरनंतर आणखी एक दिवस हातात असेल तर दोन पर्याय. डब्लिनजवळच्या डन्सिंक वेधशाळेत ग्रबने 1868 मध्ये बसवलेली 12 इंची भिंगाची दुर्बीण आहे. तिथे हिवाळ्यात लोकांसाठी खास रात्री असतात, आणि ज्याला डोळ्याने तारा बघायचाच आहे त्याने खरं तर तिथेच जावं, जागा आधी राखून. तरफांचा आधार ज्यांच्या डोक्यात बसला आहे त्यांनी मात्र उत्तरेला आर्मा गाठावं. तो आधी तिथल्या 1835 च्या दुर्बिणीत आला.